मग ती पळून का गेली नाही?

सत्र कुठलंही असो, समोर कॉलेजची मुलं असोत की कामगार संघटनेतली माणसं, शेवटी एक हात हमखास वर होतो. "दार उघडं होतं म्हणता, सामान आणायला एकटी बाहेर जायची म्हणता. मग ती पळून का गेली नाही?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण मानवी तस्करीबद्दलचे आपले जवळजवळ सगळे गैरसमज या एका प्रश्नात बसलेले असतात. काही वर्षांपासून मी या विषयावर लोकांशी बोलते आणि तस्करीतून सुटलेल्या माणसांना दवाखाना, पोलीस, कोर्ट, बँक अशा ठिकाणी सोबत करते. दोन्ही कामांत जे शिकले ते बरंचसं या प्रश्नाला उत्तर देता देताच. (पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, काही ठिकाणी दोघा-तिघांचे अनुभव एकत्र केलेत.)

तस्करीविरोधी काम करणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला तेव्हा माझी पात्रता एवढीच होती की चारचौघांत बोलायला मला भीती वाटत नाही. त्यांना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. आधी ओळखपत्रं, शिफारसपत्रं, चारित्र्य पडताळणी, मग मुलाखत. तुम्हाला हे काम का करायचंय, हे विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "एखादी बाई तुमची मदत नको म्हणाली तर काय कराल?" मी म्हटलं, समजावीन. "आणि तरी नको म्हणाली तर?" यावर मी गप्प बसले, आणि त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. शेवटी गोपनीयतेच्या कागदावर सही. घरीसुद्धा कुणाचं नाव, ठिकाण, वर्णन काही बोलायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. तेव्हा ते जरा अतिच वाटलं. पण सुटलेल्या माणसाचा ठावठिकाणा शोधणारे लोक असतात, आणि ते ओळखीपाळखीतूनच चौकशी करत येतात.

प्रशिक्षण सुरू झालं ते व्याख्येपासून. संयुक्त राष्ट्रांचा तस्करीविरोधी करार, म्हणजे पालेर्मो प्रोटोकॉल, २००० साली मंजूर झाला, २००३ च्या डिसेंबरपासून अमलात आला, आणि आज बहुतेक देशांचे कायदे त्याच्याच सांगाड्यावर उभे आहेत. त्यात तीन गोष्टी बघतात. काय केलं: माणसाची भरती, वाहतूक, दुसऱ्याच्या हवाली करणं, ठेवून घेणं. कसं केलं: धमकी, बळजबरी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा किंवा समोरच्याच्या अगतिकतेचा गैरफायदा. आणि कशासाठी: लैंगिक शोषण, सक्तीची मजुरी, गुलामी, अवयव काढून घेणं, असं कुठलंही शोषण. १८ वर्षांखालचं मूल असेल तर मधली गोष्ट बघावीच लागत नाही. मोठ्या माणसाच्या बाबतीतही मधल्या मार्गांपैकी एखादा वापरला गेला असेल, तर "ती स्वखुशीने गेली होती" या बचावाला अर्थ उरत नाही. हे वाक्य मी सत्रात दोनदा म्हणते. पहिल्यांदा ते लोकांच्या कानावरून जातं.

सीमा ओलांडलीच पाहिजे असंही काही नाही. आमच्या प्रशिक्षक (सगळे त्यांना ताईच म्हणत) पहिलं उदाहरण द्यायच्या ते आईबापांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राबवून घेतलेल्या एका मुलाचं.

अख्ख्या प्रशिक्षणात माझ्या मते सर्वांत मोलाचा होता तो हिशेबाचा तास. ताईंनी प्रत्येकाला एक काल्पनिक कामगार दिला आणि एक कोरी वही. कामगाराने एजंटची फी भरण्यासाठी कर्ज काढलेलं. पहिल्या पानावर तेवढंच. मग ताई महिन्यामहिन्याने घटना सांगत गेल्या आणि आम्ही नोंदी करत गेलो. प्रवासखर्च एजंटने आधी केला होता, तो आता पगारातून कापायचा. राहण्याच्या जागेचं भाडं. गणवेशाचे पैसे. आजारी पडला म्हणून दोन दिवसांचा दंड. यंत्र बिघडलं, त्याची भरपाई. घरून फोन आला, वडिलांच्या औषधासाठी मालकाकडूनच उचल. व्याज. पगारही सांगितला होता त्याच्या निम्माच निघाला. वर्षाअखेरीस आमच्यापैकी एकाचंही कर्ज फिटलेलं नव्हतं, माझ्या कामगाराचं तर वाढलं होतं. माझ्या शेजारी पेशाने हिशेबनीस असलेले एक गृहस्थ होते, ते पुन्हा पुन्हा बेरीज तपासत राहिले. ताई म्हणाल्या, "बेरीज बरोबर आहे, दादा. वही कुणाच्या हातात असते ते बघा."

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीची ११ लक्षणं सांगितली आहेत. कर्जाचा फास, मजुरी अडकवून ठेवणं, ओळखपत्रं काढून घेणं, इतरांपासून तोडणं, धमकावणं, फसवणूक, हालचालींवर बंधनं, बेसुमार जादा काम, राहण्याची वाईट जागा, अगतिकतेचा फायदा. आणि मारहाण व लैंगिक अत्याचार मिळून एक. म्हणजे अंगावर एकही वळ नसलेला माणूस बाकीच्या दहांमध्ये पुरता अडकलेला असू शकतो.

माझ्या पहिल्या कार्यक्रमासाठी छापून आलेलं पोस्टर मात्र नेहमीचंच होतं. अंधारी खोली, साखळदंड, मुलीच्या तोंडावर दाबलेला हात. संस्थेत सुटून आलेल्यांचा एक सल्लागार गट आहे. प्रसिद्धीचं कुठलंही साहित्य त्यांच्या नजरेखालून जातं आणि त्या वेळेचं त्यांना मानधन मिळतं. त्यातली एक जण पोस्टरकडे बघून म्हणाली, "हे मी तेव्हा बघितलं असतं ना, तर तशीच पुढे गेले असते. माझ्या हातात कुठे साखळी होती?"

ती पोस्टरं रद्दीत गेली. त्याऐवजी जे केलं त्यात चित्रच नव्हतं. तीन प्रश्न होते: तुमची ओळखपत्रं कुणाकडे आहेत? पगार तुमच्या हातात येतो का? काम सोडतो म्हणालात तर काय होईल? खाली हेल्पलाइनचा क्रमांक. वेगवेगळ्या भाषांत छापलं आणि स्वच्छतागृहांच्या दारांना आतल्या बाजूने लावलं, कारण सतत पाळतीखाली असलेला माणूस दोन मिनिटं एकटा सापडतो तो तिथेच. देणगीदारांपैकी एकांना हे फार "फिकं" वाटलं. त्यांना साखळदंड हवे होते.

सत्रांतही भीती घालण्याचा मोह मोठा असतो, कारण भीती घातली की सभागृह शांत होतं. पण माणसं घरी काय घेऊन जातात? पालक घेऊन जातात ते मुलं पळवणाऱ्या गाडीचं चित्र. मग फोनवर तसले मेसेज फिरतात आणि अनोळखी दिसणाऱ्याला पकडून जमाव मारतो. अफवेपायी निरपराध माणसांचे जीव गेल्याच्या घटना आपण वाचल्या आहेत. आमच्याकडे आलेल्या बहुतेकांना मात्र परक्या माणसाने उचलून नेलं नव्हतं. मावशी, गाववाला, मैत्रिणीचा भाऊ, प्रियकर, आधी तिकडे जाऊन आलेली शेजारीण. विश्वास होता म्हणूनच गेली.

म्हणून तरुण मुलांसमोर मी आता नोकरीच्या ऑफरीच ठेवते. खऱ्या आणि खोट्या मिसळून, फोनवर येतात तशाच मेसेजच्या स्वरूपात. गटागटाने ओळखायचं. मुलं खोट्या ऑफरी खऱ्या म्हणून निवडतात, कारण त्या दिसायला छान असतात. पगार घसघशीत, अनुभवाची अट नाही, तिकीट आम्ही काढू, उद्याच निघा. खरी नोकरी देणारा माणूस कटकटी असतो, प्रमाणपत्रं मागतो, उत्तर द्यायला आठवडे लावतो. मग आम्ही प्रश्नांची यादी करतो. मालक कोण, एजंट नव्हे, मालक? करार निघण्याआधी, मला वाचता येईल अशा भाषेत मिळेल का? पासपोर्ट माझ्याकडे राहील का? भरतीचे पैसे मी का भरायचे? शेवटच्या प्रश्नाला मुलं हसतात, एजंटला पैसे द्यायचेच असतात असं त्यांना वाटतं. खासगी भरती एजन्सींनी कामगाराकडून फी घेऊ नये हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या करारात लिहिलेलं आहे, हे सांगितलं की त्यांना ते जवळजवळ विनोदी वाटतं. वाटू दे. फी म्हणजेच कर्जाचं पहिलं पान.

"आम्ही शिकलेले आहोत, आम्हाला कोण फसवणार?" असंही एखादा म्हणतो. त्याच्यासाठी ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांचं उदाहरण आहे. संगणक येणाऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांना कस्टमर सर्व्हिस किंवा डिजिटल मार्केटिंगची नोकरी म्हणून बोलावतात आणि कुंपणाआड डांबून लोकांना लुबाडायला लावतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये अंदाज दिला होता की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक अशा ठिकाणी अडकलेले असू शकतात. सुटून आल्यावर यांच्यापुढे आणखी एक संकट असतं: पोलिसांच्या दृष्टीने ते स्वतःच गुन्हेगार. जे गुन्हे करायला भाग पाडलं गेलं त्यांची शिक्षा त्या माणसाला होऊ नये, हे तत्त्व आता बऱ्याच ठिकाणी मान्य आहे. पोलीस ठाण्यातल्या टेबलापर्यंत ते पोहोचलेलं असतंच असं नाही.

मोठ्या माणसांच्या सत्रात दुसरा अडथळा असतो. एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला मध्येच थांबवून विचारलं, "हे सगळं त्या धंद्याबद्दलच आहे ना? मग आमच्यासारख्यांसमोर कशाला?" आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, आधुनिक गुलामीविरुद्ध काम करणारी वॉक फ्री ही संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांनी मिळून २०२१ सालचा जो जागतिक अंदाज काढला, त्यात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या मजुरीत होते. त्यातले १ कोटी ७३ लाख खासगी क्षेत्रातल्या शेती, बांधकाम, कारखाने, घरकाम अशा कामांत, आणि ६३ लाख सक्तीच्या लैंगिक व्यापारात. सक्तीच्या मजुरीतला प्रत्येक माणूस कायद्याच्या अर्थाने तस्करीतला असेलच असं नाही, दोन्ही वर्तुळं एकमेकांत बरीच मिसळलेली आहेत इतकंच. मी त्या गृहस्थांना आकडे सांगितले आणि विचारलं, तुमच्या इमारतीचं बांधकाम चालू आहे, त्या कामगारांना पगार कोण देतं ते माहितेय? ते रागावले. पण पुढच्या महिन्यात त्यांच्याच सोसायटीने आम्हाला बोलावलं.

मला स्वतःला सर्वांत अवघड गेलेला प्रश्न एका वडिलांचा. मुलीला काम लावून देतो म्हणणारा एजंट त्यांचा सख्खा चुलतभाऊ होता. "कागद मागितले तर नातं तुटेल. तुम्ही सांगता ते बरोबर, पण मी त्याला चोर कसा म्हणू?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते त्याच बैठकीतल्या एका बाईंनी दिलं. सगळ्यांनीच सगळ्यांकडे कागद मागायचे असं ठरवून टाकू, म्हणजे कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. त्या वस्तीत तसं खरंच ठरलं. बाहेर कामाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कराराची, ओळखपत्राची प्रत आणि मालकाचा पत्ता वस्तीतल्या एका ठरलेल्या माणसाकडे ठेवायचा. ठरावीक दिवशी फोन करायचा. आणि एक साधं वाक्य ठरवायचं, ते फोनवर ऐकू आलं की समजायचं, शेजारी कुणीतरी उभं आहे, मोकळेपणी बोलता येत नाहीये. चुलतभाऊ कागद आणतो म्हणून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. तो खरंच तस्कर होता की नुसता आळशी, हे कुणालाच कळलं नाही. मुलगी गेली नाही एवढं खरं.

संशय आला तर काय करायचं, हे सांगताना मी आवाज जरा चढवतेच. स्वतः सोडवायला जायचं नाही. मालकाला जाब विचारायचा नाही. त्या माणसाला इतरांसमोर "तुला त्रास आहे का" असं विचारायचं नाही. व्हिडिओ तर नाहीच नाही. एकाला सोडवायच्या भरात त्याच छताखालचे बाकीचे रातोरात दुसरीकडे हलवले जातात, आणि गावाकडच्या घरी धमकीचा फोन जातो. जे पाहिलं ते लिहून ठेवायचं, जागा, वेळ, गाडीचा क्रमांक, आणि हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवायचं. जीवाला धोका दिसला किंवा लहान मूल असलं तर त्याच क्षणी. लोक यावर नाराज होतात. धाड घालून दार तोडायची कल्पना मनात घेऊन आलेल्या माणसाला वहीत नोंद करायला सांगितलेलं आवडत नाही.

आमच्याकडे आलेली एक बाई अशाच नोंदीमुळे सुटली. ती एका घरात राहून कामाला होती. त्याच इमारतीत जिने पुसणाऱ्या बाईच्या लक्षात आलं की तिला काहीही विचारलं तरी उत्तर मालकीणच देते. अगदी नाव विचारलं तरी. मग लक्षात आलं की ती सुट्टीच्या दिवशीही असते, तेच कपडे असतात, कचरा टाकायला आली की वर बघत बघत टाकते. जिने पुसणाऱ्या बाईंनी आमच्या सत्रातलं कार्ड जपून ठेवलं होतं. एकदा लिफ्टपाशी दोघीच असताना त्यांनी ते तिच्या हातात सरकवलं. तिने परत केलं. बराच काळ गेला, आणि एके दिवशी तिनेच येऊन विचारलं, "तो नंबर आहे का अजून?" मधल्या काळात जिने पुसणाऱ्या बाईंनी काय केलं असेल तर रोज तिच्याकडे बघून हसल्या. मदत नको म्हणणाऱ्या बाईचं काय करायचं, या मुलाखतीतल्या प्रश्नाला मी आता हे उदाहरण देते.

तिची सोबत माझ्याकडे आली. पहिल्या दिवसाच्या सूचना ठरलेल्या असतात: काय झालं ते विचारायचं नाही. झोप, डॉक्टर, कपडे, कुणाला फोन करायचाय का, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये तस्करीतून आलेल्या स्त्रियांशी कसं बोलावं याच्या ज्या सूचना काढल्या, त्यातली पहिलीच आहे: इजा होऊ देऊ नका. एखादीला तिची कहाणी पुन्हा पुन्हा सांगायला लावणं हीसुद्धा इजाच. ती झोपली. उठली, आणि बाथरूमला जाऊ का म्हणून विचारलं. हे विचारणं कित्येक आठवडे चाललं.

या कामात नाट्य फार कमी आणि रांगा फार असतात. दात दुखत होते, ते वर्षानुवर्षं दुर्लक्षित. दंतवैद्याकडे खुर्ची मागे झुकवल्यावर ती ताडकन उठून बसली, तेव्हा उपचार बसल्या बसल्या करायचं ठरलं आणि प्रत्येक हत्यार आधी तिला दाखवायचं ठरलं. बँक खात्यासाठी पत्ता हवा, पत्त्यासाठी ओळखपत्र हवं, ओळखपत्र मालकिणीच्या कपाटात, आणि ते कपाट आता पुराव्यात. एकेका खिडकीवर "आधी ते आणा" ऐकत आम्ही फिरायचो. दुभाषी मिळाला तर तो तिच्याच भागातला निघाला आणि तिने तोंड मिटून घेतलं. तिच्या भागातल्या माणसामार्फत बातमी तिच्या घरी पोहोचली असती. दुसरा शोधेपर्यंत जबाब पुढे ढकलावा लागला.

जबाबाचं तर विचारू नका. घडलेल्या गोष्टी तिला क्रमाने आठवायच्याच नाहीत. आज म्हणायची मार बसला तो पावसाळ्यात, पुढच्या वेळी म्हणायची नाही, थंडी होती. मधले महिनेच्या महिने गायब, आणि एखाद्या दुपारी भिंतीवर कुठलं कॅलेंडर होतं ते लख्ख. मानसिक आघात झालेल्या माणसाची आठवण अनेकदा अशीच तुकड्या-तुकड्यांनी येते. समोर लिहून घेणाऱ्याला मात्र ती खोटं बोलतेय असं वाटतं. युरोप परिषदेच्या २००५ च्या तस्करीविरोधी करारात सावरायला आणि विचार करायला किमान ३० दिवस द्यावेत अशी तरतूद आहे. तपासाला मदत करायची की नाही हे त्या माणसाने त्यानंतर ठरवावं. माझ्या अनुभवात ३० दिवस म्हणजे नीट झोप लागायला सुरुवात होते तोवरचे.

निवाऱ्याबद्दल मात्र माझं भांडण आहे. ती ज्या ठिकाणी राहिली तिथे आल्याबरोबर फोन जमा करून घेतला, बाहेर जायला लेखी परवानगी, दाराला आतून कडी नाही. सगळं सुरक्षेसाठी, आणि सुरक्षेची गरज खोटी नव्हती. फोनवरून ठिकाण कळू शकतं. तिने मात्र शांतपणे सांगितलं, "तिथेही मॅडम फोन ठेवून घ्यायच्या. माझ्याच भल्यासाठी." मी आणि ताईंनी व्यवस्थापनाशी बोलून पाहिलं. बरीच वादावादी झाल्यावर फोन परत मिळाले. आधी ठिकाण दाखवणारी सोय बंद कशी करायची आणि कुठले नंबर ब्लॉक करायचे ते शिकवायचं, मग फोन ज्याचा त्याच्याकडे. कडीचा प्रश्न मी तिथे जात होते तोवर सुटला नव्हता.

फोन हातात आल्यावर तिने पहिला फोन आईला केला. मी खोलीबाहेर थांबले होते. बाहेर आली ती मालकिणीकडे परत जायचंय म्हणतच. कर्ज तिच्या भावाच्या नावावर होतं. ती निघून आल्यापासून सावकाराची माणसं रोज दाराशी. आई म्हणाली, तू काय केलंस हे? शिवाय कित्येक महिन्यांचा पगार मालकिणीकडे "जमा" होता, निघाली की तो बुडाला. ती वेडी नव्हती, घाबरटही नव्हती. तिने हिशेब केला होता, आणि तिच्यापाशी होत्या त्या आकड्यांत राहणंच स्वस्त पडत होतं. ताईंनी तिला अडवलं नाही. परत गेलीस तर काय काय होऊ शकतं ते सांगितलं, आणि सावकाराला तोंड द्यायला तिच्या भागातल्या एका वकिलाची गाठ घालून दिली. ती दोन रात्री विचार करत बसली आणि राहिली. अशा वेळी परत गेलेली माणसंही मी पाहिली आहेत. त्यांचे नंबर आम्ही पुसत नाही, पुन्हा फोन येतो.

कोर्टाबद्दल थोडंच लिहिते. तारखा पडतात. एका तारखेला बचावाच्या वकिलाने विचारलं, दार उघडं असायचं, मग पळून का गेला नाहीत? ती म्हणाली, "पगार बाकी होता." लिहून घेणाऱ्याने ते तसंच लिहून घेतलं.

दरवर्षी ३० जुलैला मानवी तस्करीविरोधी दिवस असतो, संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये ठरवलेला. त्या आठवड्यात आम्हाला फोन येतात: "तुमच्याकडची एखादी मुलगी येईल का, दोन शब्द बोलायला?" सल्लागार गटातले काही जण बोलतात, आणि फार चांगलं बोलतात. पण विषय ते ठरवतात, फोटो काढायचा की नाही ते ठरवतात, आणि मानधन घेतात. मानधनाचं ऐकून काही आयोजक पुन्हा फोन करत नाहीत. मंडपवाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला पैसे देताना मात्र त्यांना कधी अडचण आलेली नाही.

तिचा निकाल अजून लागायचा आहे. थकलेल्या पगाराचा दावा वेगळ्या कार्यालयात आहे आणि तिथे वेगळ्या रांगा आहेत. कर्जातलं मुद्दल भाऊ फेडतोय, अव्वाच्या सव्वा व्याजाबद्दल वकील भांडतोय. मध्यंतरी ती शिवणकाम शिकली आणि एका छोट्या कारखान्यात मुलाखतीला गेली. तिथल्या व्यवस्थापकाने फाइलला लावायला मूळ कागदपत्रं मागितली. तिने मला फोन केला, "ताई, झेरॉक्स दिल्या तर चालतं ना?" मी म्हटलं, चालतं, मूळ कागद देऊ नकोस. "दिले नाहीतच. नुसतं विचारत होते." नोकरी लागली. पहिला पगार खात्यात जमा झाल्याचा मेसेज तिने मला पाठवला. खाली लिहिलं होतं, जादा कामाचे तास यात धरलेले नाहीत, तक्रार कुठे करतात?